न चाललेल्या नाण्याची नक्कल

माणसाने इतिहास शिकवायला हरकत नाही, पण शेजाऱ्यांना ते कळू देऊ नये. आमच्या ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांकडे आजवर कुणी बिघडलेला मिक्सर घेऊन गेलेलं नाही. अर्थशास्त्राच्या सरांना कुणी घर कसं चालवावं हे विचारत नाही, आणि त्यांचं घर पाहता ते योग्यच आहे. मात्र वडवणीत आणि आसपास कुणाच्या माळ्यावर काही गंजकं सापडलं की ते फडक्यात गुंडाळून माझ्या ओट्यावर येतं. शिवकालीन तलवार म्हणून आलेलं एक पातं मी तण काढायच्या कोळप्याची पास म्हणून ओळखलं. तेव्हापासून त्या घरची माणसं मला बाजारात दिसली की रस्ता बदलतात.

एवढा अनुभव गाठीशी असूनही मी मस्के बंधूंच्या नाण्यात पडलो.

आमच्या डाव्या हाताला गहिनीनाथ मस्के राहतात आणि उजव्या हाताला त्यांचा धाकटा सख्खा भाऊ परमेश्वर. मधला प्लॉट त्यांच्या वडिलांनी, रामहरी आबांनी, हयात असतानाच विकायला काढला होता. तो मी घेतला. म्हणजे या दोन भावांच्या मधे मी आहे, आणि हे वाक्य मी अलंकारिक अर्थाने लिहिलेलं नाही. ग्रामपंचायतीत, आता नगरपंचायतीत, तशी नोंद आहे.

आबा गेले, मागोमाग त्यांच्या पत्नी केशरबाई गेल्या, आणि दोघा भावांनी अत्यंत समजूतदारपणे वाटणी केली. जमीन वाटली. विहिरीच्या पाण्याची पाळी ठरली. म्हैस एकाकडे गेली, तिचं वगारू दुसऱ्याकडे. बांधावरच्या आंब्यावरून भांडण होईल म्हणून गाव वाट बघत होतं, तर त्यांनी एक वर्ष याचं, एक वर्ष त्याचं असं ठरवून गावाची निराशा केली. राहिलं एक नाणं. केशरबाईंच्या गळ्यातल्या माळेत मधोमध ओवलेलं, वर कडी डाकलेलं, जुन्या चांदीच्या रुपयाहून चांगलंच मोठं. ते अर्धं करता येत नव्हतं आणि एक वर्ष याचं, एक वर्ष त्याचं म्हणायची दोघांचीही तयारी नव्हती. कारण ते नाणं एका इंग्रज साहेबाने आबांना स्वतःच्या हाताने दिलं होतं.

आबा लहान असताना हा साहेब रेल्वेची पाहणी करायला आला होता. तहानेने व्याकूळ झाला होता. आबांनी त्याला विहिरीचं पाणी पाजलं. साहेबाने खिशातून नाणं काढलं आणि म्हणाला, अजून हे कुणाकडेच नाही. ही हकिकत सगळ्या वडवणीला पाठ आहे. बीडच्या रेल्वेची पाहणी करायला आजवर इतकी माणसं येऊन गेली आहेत की त्यात एखादा इंग्रज असणं अगदीच अशक्य म्हणता येणार नाही.

या नाण्यावरून भावांचं बोलणं बंद झालं. नाणं बँकेच्या लॉकरमध्ये दोघांच्या सहीने पडलं. मग परमेश्वरच्या मुलीचं, वैष्णवीचं, लग्न ठरलं आणि गहिनीनाथांनी निरोप पाठवला, की नाण्याचा निकाल लागल्याशिवाय मी मांडवात पाय ठेवणार नाही.

हा निरोप माझ्यामार्फत गेला. सगळेच निरोप माझ्यामार्फत जात. दोघे भाऊ माझ्या ओट्यावर समोरासमोर बसत आणि गहिनीनाथ मला म्हणत, "सर, त्याला सांगा." मी परमेश्वरकडे वळून म्हणत असे, "ते म्हणताहेत." परमेश्वर म्हणे, "आईकलं. आता त्यांला सांगा." यात दोघांनाही काही गैर वाटत नसे. दीपमाला, म्हणजे माझी पत्नी, आतून म्हणे की पगार मिळणार असेल तर हे काम वाईट नाही.

मी तरी त्या नाण्याला हात लावला नसता. पण एका दुपारी वैष्णवी आली. माझीच विद्यार्थिनी. बारावीला तिला इतिहासात बरे गुण होते, ते मी दिलेले नव्हते. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मोठे बाबा मांडवात नसले तर मी बोहल्यावर चढणार न्हाई. पप्पाला सांगितलं न्हाई हे. तुमालाच सांगायले."

मी म्हणालो की मी फक्त नाणं खरं की खोटं तेवढं सांगू शकतो.

"काय बी सांगा," ती म्हणाली. "पण सांगा."

गहिनीनाथांनीच तिला खांद्यावर बसवून पहिल्या दिवशी शाळेत नेलं होतं, हे मला ठाऊक होतं. तेव्हा मी होकार दिला. खरं असेल तर किंमत काढून एकाने ठेवावं आणि दुसऱ्याला भरपाई द्यावी, खोटं असेल तर भांडण्यासारखं काही उरतच नाही, असा माझा हिशेब होता. कागदावर तो अजूनही बरोबर दिसतो.

नाणं लॉकरमधून आलं. कुणाच्या घरी ठेवायचं यावर एकमत होईना, म्हणून ते माझ्या घरी आलं. लाडवांच्या स्टीलच्या डब्यात ठेवून डब्याला दोघांनी आपापलं कुलूप लावलं. लाडू पिशवीत गेले. मला नाणं बघायचं असेल तेव्हा दोघांनी किल्ल्या घेऊन यायचं असं ठरलं. ते तसे येतच. सकाळी गहिनीनाथ डबा जागेवर आहे का बघायला येत, संध्याकाळी परमेश्वर, आणि दोघांनाही चहा लागे. लाडवांचा डबा गेल्याचा आणि चहापत्ती संपत चालल्याचा उल्लेख दीपमालाने दिवसातून एकदाच केला. तिच्या स्वभावाचा तो मोठेपणा आहे.

पहिल्याच दिवशी मला काय आहे ते कळलं. नाण्यावर इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड होता. हा गृहस्थ वर्षभरही गादीवर टिकला नाही. एका बाईसाठी त्याने राज्य सोडलं. टाकसाळीने त्याच्या नाण्यांचे नमुने पाडून ठेवले होते, पण ती चलनात यायच्या आत राजाच गेला. त्यामुळे ते नमुने नमुनेच राहिले. अस्सल नमुने जगात अगदी मोजके, बहुतेक संग्रहालयांत. मात्र पुढे हौशी लोकांसाठी त्यांच्या नकला खूप निघाल्या, अजूनही निघतात. हे सगळं मी दोघा भावांना ओट्यावर बसवून सांगितलं. ऐकायला भगवानरावही होते. भगवानराव पोस्टातून निवृत्त झाले आहेत, समोर राहतात आणि सल्ला मागावा लागू नये याची काळजी घेतात.

"राज्य सोडलं म्हंजे," भगवानराव म्हणाले, "राजीनामा मंजूर झालता का?"

झाला होता, मी म्हणालो.

"मंग गादीवर कोण बसलं?" गहिनीनाथांनी विचारलं.

धाकटा भाऊ, असं मी म्हणून गेलो. इतिहास शिकवताना सत्य कुठे थांबवावं याचं प्रशिक्षण आम्हाला देत नाहीत.

गहिनीनाथ बराच वेळ नाण्यावरच्या राजाकडे बघत राहिले. "सर, त्याला सांगा," ते म्हणाले, "थोरल्यानं सोडलं आन धाकट्यानं गिळलं."

"त्यांला सांगा," परमेश्वर म्हणाला, "सोडलं तर कुणीतरी घ्यायलाच पायजे ना."

त्या दिवशी पुढची चर्चा होऊ शकली नाही.

नक्कल ओळखायच्या रीती पुस्तकात सरळ दिल्या आहेत. वजन बघा, व्यास बघा, काठावरचे दाते बघा, अक्षरांच्या कडा धारदार आहेत की बोथट ते बघा. भगवानरावांच्या रीती वेगळ्या होत्या. नाणं चिंचेच्या पाण्यात ठेवावं, अस्सल असेल तर हसतं, असं त्यांचं म्हणणं. हसतं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. दीपमालाने पितळेची भांडी घासायची पावडर पुढे केली. परमेश्वरने कुठूनतरी लोहचुंबक आणलं, ते नाण्याला चिकटलं नाही, आणि अस्सल असल्याचं त्याने जाहीर केलं. चमचाही चिकटत नाही, हे मी दाखवल्यावर तो म्हणाला, चमचा बी अस्सलच हाय की.

भगवानरावांचा आग्रह होता की फरशीवर टाकून आवाज ऐकावा. मी नको म्हणत असतानाच त्यांनी टाकलं. आवाज कसा होता ते कुणालाच ऐकू आलं नाही, कारण नाणं कडीवर पडून घरंगळत निघालं, ओट्यावरून उतरलं आणि अंगणातल्या सांडपाण्याच्या खड्ड्यात गेलं. दोघे भाऊ एकाच वेळी धावले आणि एकमेकांना न बोलता खड्ड्याच्या दोन बाजूंना पालथे झोपले. हात मात्र कुणाचाच पोचेना. शेवटी खड्डा उपसावा लागला. नाणं सापडलं, खड्डा बुजला, पण तेव्हापासून आमच्या मोरीचं पाणी उलटं येतं. नगरपंचायतीत अर्ज दिला, तर तिथल्या माणसाने कारण विचारलं. मी खरं कारण सांगितलं. त्याने अर्ज परत दिला आणि सर, सुट्टीच्या दिवशी आराम करत जा, असं अतिशय आपुलकीने सांगितलं.

वजनाची अडचण वेगळीच होती. साप्ताहिक बाजारात सराफाच्या काट्यावर नाणं ठेवलं तर ते कडीसकट भरलं. कडीचं वजन वजा केल्याशिवाय नाण्याचं कळेना आणि कडी काढल्याशिवाय कडीचं कळेना. कडीखाली काठाचा बराच भाग झाकलेला होता, म्हणजे तिथलंही दिसत नव्हतं. कडी काढायला दोघांचाही विरोध होता, कारण ती आबांनी स्वतः उभं राहून डाकून घेतली होती.

तेव्हा मी नाण्याचे फोटो काढले आणि एसटीने छत्रपती संभाजीनगरला, जुन्या वस्तूंच्या एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी फोटो आदराने पाहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं देतो, कारण त्यात बदल करण्याची माझी योग्यता नाही. नाणं चलनात आलंच नाही, म्हणून नाणं म्हणून त्याची नोंद करता येत नाही. नक्कल असल्याचा दाखला हवा असेल तर अस्सल नाणं तुलनेला आणावं लागेल. अस्सल लंडनला आहे. ते आणता आलं तर नकलेची गरजच काय? मी म्हणालो, गरज मला नाही, लग्नाला आहे. त्यांनी लग्नाचा विभाग दुसरा असतो असं सांगितलं.

परत आलो तर ओट्यावर अभिमन्यू हवालदार बसले होते. भगवानरावांनी बसस्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात सहज सांगितलं होतं, की सरांच्या घरी कुलपात खोटी नाणी आहेत. एक नाणं बसस्टँडपासून ठाण्यापर्यंत जाईतो नाणी झाली होती. हवालदार मला खूप मानतात. त्यांची मुलगी माझ्याकडे शिकून गेली. तरी चौकशी करणं भाग होतं. मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. राजा, राजीनामा, नमुना, नक्कल. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचार केला.

"सर," ते म्हणाले, "नाणं चाललंच न्हाई म्हणता. मंग जे चाललंच न्हाई त्याची नक्कल म्हंजे कशाची नक्कल?"

मी म्हणालो, न चाललेल्या नाण्याची.

"मंग ह्याला कलम कोणतं लावू?"

मला कलमं येत नाहीत. त्यांनाही हे कलम येत नव्हतं. चलनातल्या पैशाची खोटी प्रत गुन्हा खरी, पण ज्या पैशाने कधी चिमूटभर मीठसुद्धा आलं नाही त्याच्या प्रतीबद्दल वरिष्ठांना विचारावं तर वरिष्ठ आधी हसतील आणि मग बदली करतील, असं त्यांना वाटलं. तेव्हा त्यांनीच तोडगा काढला. कडी काढा, पंच म्हणून मी हजर राहतो, काय असेल ते माझ्यासमोर होऊन जाऊ द्या. पोलिसासमोर कडी काढायला दोघा भावांनी मान्यता दिली, कारण नाही म्हणावं तर आपल्यालाच भीती आहे असं दुसऱ्याला वाटलं असतं.

लग्न तोंडावर आलं होतं. सराफ आपला फुंकणीचा सरंजाम घेऊन आमच्या ओट्यावर बसला. एका बाजूला गहिनीनाथ, एका बाजूला परमेश्वर, मधे हवालदार, आणि दारात वैष्णवी. तिच्या हातावर अजून हळद लागायची होती. भगवानरावांना मी बोलावलं नव्हतं, म्हणून ते खुर्ची घरूनच घेऊन आले. ज्योत लागली, डाकाचा जोड पाघळला आणि कडी सुटली. सराफाने नाणं पाण्यात बुडवून माझ्या हातात दिलं. मी भिंग लावलं.

कडीखाली, काठावर, बारीक इंग्रजी अक्षरं होती. सी, ओ, पी, वाय.

इतकी वर्षं परीक्षेच्या भरारी पथकात काढल्यावर हा शब्द अनपेक्षित जागी सापडला की माणूस सवयीने ताठ होतो. माझ्या तोंडून "उभं राहा" निघायचं तेवढं बाकी होतं. मग मी भिंग खाली ठेवलं आणि शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं की ही नक्कल आहे. करणाऱ्यांनी तसं प्रामाणिकपणे छापलंही आहे. आबांचा दोष नाही, आबांना कुणीतरी कुठल्या जत्रेत, कुठल्या शहरात दिलं असेल. मी आणखीही सांगणार होतो. अशा नकला त्या राजाच्या काळात नव्हत्या, पुष्कळ नंतर निघाल्या, असं एक वाक्य तयार होतं.

सराफाने ज्योत विझवली.

"म्हंजे आबा खोटं बोलले," गहिनीनाथ म्हणाले. त्यांनी ते विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला, आणि आपण काय केलं ते मला तेव्हा उमगलं. मी नाण्याचा निकाल देत होतो. ते दुसऱ्याच कुणाचा तरी ऐकत होते.

मग ते वळले. माझ्याकडे नाही.

"परमा," ते म्हणाले, "आबा खोटं बोलायचे का रं?"

मी सवयीने परमेश्वरकडे बघून तोंड उघडलं. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. परमेश्वर खाली बघत होता, आणि त्याची मान वर यायला वेळ लागला.

"न्हाई आण्णा," तो म्हणाला. "आबा चिडायचे. हातबी उचलायचे. खोटं न्हाई बोलायचे."

"मंग हे काय लिवलंय?"

परमेश्वरने भिंग घेतलं. त्याची बारावी झालेली आहे. त्याने अक्षरं जुळवली, पुन्हा जुळवली आणि माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नव्हतं.

"सर, तुमी पेपर तपासता. एखादं पोरगं कॉपी करतं तवा पेपरवर 'मी कॉपी केली' आसं लिवतं का?"

नाही लिहीत, मी म्हणालो.

"मंग नक्कल करणारा नाण्यावर कामून लिवंल?"

मी उत्तर द्यायला सुरुवात केली. पण हे उत्तर लांब होतं, त्यात परदेशातले हौशी संग्राहक येत होते, प्रामाणिक उत्पादक येत होते, आणि ओट्यावर त्यातलं कुणीच ओळखीचं नव्हतं. मी एक वाक्य बोलेपर्यंत गहिनीनाथांनी मांडीवर थाप मारली.

"नाव हाय ते," ते म्हणाले. "साहेबाचं. कॉपीसाहेब."

ओट्यावरून एक मोकळा श्वास गेल्यासारखं झालं. भगवानराव म्हणाले की पोस्टात असताना त्यांनी याहून विचित्र इंग्रजी नावं वाचली होती. परमेश्वर म्हणाला, आबाला नाव आठवत न्हवतं, आठवतं का आण्णा, साहेबाचं नाव इचारलं की गप बसायचे. गहिनीनाथ म्हणाले, नाव कडीखाली दाबलंतं म्हणून तर. मग दोघे एकदम बोलू लागले. विहीर, साहेब, साहेबाची टोपी, आबांचा मार. किती तरी वर्षांचं साठलेलं बोलणं त्या नाण्याभोवती बाहेर येत होतं आणि मी आपला भिंगाची काच पुसत होतो.

"तुज्याकडं ठिव," शेवटी गहिनीनाथ परमेश्वरला म्हणाले. "वैष्णवीच्या गळ्यात घालू. कडी पुना लावून घे, पर नाव दिसंल आशी."

सराफाने पुन्हा ज्योत पेटवली. वैष्णवी आत जाऊन रडली. दीपमालाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. लाडवांचा डबा कुलपांतून सुटला. एवढं सगळं चांगलं झाल्यावर जाताना गहिनीनाथ माझ्यापाशी थांबले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, तुमचं शिक्षण कुटं झालं?"

मी सांगितलं.

"आसं," ते म्हणाले, आणि दोघे भाऊ एकाच मोटारसायकलवरून, वास्तविक चालत जायच्या अंतरावर, गेले.

अभिमन्यू हवालदार मागे राहिले होते. त्यांनी टोपी घातली, ठीक केली आणि म्हणाले, "सर, तुमी खरं बोललात. मी साक्षीला हाय. पण कामून बोललात?"

पुढचे दिवस मी फार वर्णन करत नाही. परमेश्वरची धाकटी मुलं माझ्याकडे अभ्यासाला यायची बंद झाली. गहिनीनाथ ओट्यावरून जाताना दीपमालाला नमस्कार करत, माझ्या बाजूला बघत नसत. आबांचा अपमान करणारा माणूस अशी माझी ओळख हळूहळू वडवणीच्या बाहेर गेली. चौसाळ्याच्या एका नातेवाईकाने फोन करून विचारलं की तुम्ही एका मेलेल्या माणसाला कॉपीत पकडलं हे खरं का. लग्नपत्रिका आली ती 'सौ. दीपमाला मुळे व परिवार' या नावाने. मी ती दोन्ही बाजूंनी वाचली. मी परिवारात होतो. परिवार म्हणून मी गेलो.

मंगल कार्यालय भरलं होतं. दोघे भाऊ एकसारखे फेटे बांधून दारात उभे होते, आणि ते बघून माझा राग बराचसा उतरला, हे मी कबूल करतो. वैष्णवी व्यासपीठावर होती. गळ्यात ते नाणं होतं, अक्षरं समोर. मी आणि दीपमाला मागच्या रांगेत बसलो. अक्षता पडल्या. मी उठून जेवायला जाणार तेवढ्यात कुणीतरी माझा हात धरला.

नवरदेवाचे मामा, आष्टीचे सुंदरराव. मोठी शेती, गळ्यात उपरणं, आजूबाजूला चार माणसं उगाच उभी. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की नाण्यातले जाणकार सर ते हेच. कशा प्रकारचे जाणकार, ते सांगितलेलं नव्हतं. त्यांनी छातीच्या खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

आठवा एडवर्ड. कडी नव्हती. काठावर सी, ओ, पी, वाय, इतकं स्वच्छ की भिंगाची गरज नव्हती.

"आमच्या वडलांचं हाय," सुंदरराव म्हणाले. "भावकीतली माणसं म्हणायलेत, नकली हाय. तुमी शिकलेले. काय ते आज सांगून टाका. इतं, समद्यांसमोर."

दाराशी असलेले गहिनीनाथ आणि परमेश्वर येऊन माझ्या दोन बाजूंना उभे राहिले. मी मधे असण्याची त्यांना सवय आहे. दीपमालाने माझ्या शर्टाची बाही मागून धरली. व्यासपीठावरून वैष्णवी बघत होती. एक नवी सोयरीक जेमतेम पाच मिनिटांची होती.

मी नाणं उलटलं, पालटलं. तीस वर्षांची शिकवणूक माझ्या घशाशी आली होती. मी ती गिळली.

"सुंदरराव," मी म्हणालो, "असं नाणं मी आयुष्यात याआधी एकच पाहिलंय. नवरीच्या गळ्यातलं."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मी नंतर अनेकदा तपासून पाहिलं आहे.

सगळ्यांच्या माना व्यासपीठाकडे वळल्या. गहिनीनाथांनी माझ्या हातातून नाणं घेतलं, डोळ्यांपाशी नेलं, काठ बघितला. बघता बघता त्यांचा चेहरा फुलला. "कॉपीसाहेब," ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने. मग सुंदररावांना खांद्याला धरून त्यांनी आबा, विहीर आणि पाणी हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. सुंदरराव म्हणाले, त्यांच्या वडिलांनी साहेबाला ताक पाजलं होतं. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. भटजींनी हे गुण पत्रिकेत दिसत नसतात असं सांगितलं. दहा मिनिटांत माझ्या डोक्यावर फेटा होता, हातात नारळ होता, आणि माइकवरून माझं नाव परिवारासकट घेतलं गेलं.

पंगतीत आम्हाला पुढे बसवलं. दोघे भाऊ स्वतः वाढत होते. परमेश्वर बुंदीचं पातेलं घेऊन माझ्या पानाशी आला, वाकला, इकडेतिकडे बघून घेतलं आणि तोंड माझ्या कानाशी आणलं.

"सर, खरं सांगा," तो कुजबुजला. "त्यांचं नकली हाय ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर निखळ आशा होती.

"तुमचं जितकं खरं आहे," मी म्हणालो, "तितकंच त्यांचं."

तो तसाच वाकून थोडा वेळ विचार करत राहिला. मग त्याने माझ्या पानात बुंदीचा आणखी एक डाव वाढला आणि तो पुढच्या पानाकडे गेला.